मोरीकडे पळणारं ड्रोन

मिस्त्रीच्या पायाला भिंगरी आहे, असं सगळे म्हणायचे. हा भिंगरीवर अन्याय होता. भिंगरी निदान एका जागी फिरते. हा गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन घरभर हिंडायचा, वाटेत एखादी कडी घट्ट करायचा, खिडकीची काच उगीचच ठोकून बघायचा, आणि मग "माझा चहा कुणी पळवला?" म्हणून बायकोवर खेकसायचा. चहा बहुतेक वेळा न्हाणीघराच्या खिडकीत सापडायचा, गार झालेला.

त्याचा उभा जन्म छपरांवर गेला होता. कौलं बदलायची, पत्रे ठोकायचे, पन्हळींतला पाला काढायचा, कुणाच्या घरात कुठून पाणी शिरतं ते हुडकून काढायचं. जमिनीवर तो उतरायचा तो जेवायला आणि झोपायला, तेही नाइलाज म्हणून. वर कसं मोकळं असतं, वर कुणी डोकं खात नाही, असं तो म्हणायचा. डोकं खाणारं म्हणजे कोण हे बायकोला कळायचं आणि ती शिवणयंत्राचं चाक जरा जोरात फिरवायची.

मग एका गोदामाच्या छपरावरून तो पडला. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली, आणि ज्याला घटकाभर बूड टेकवत नव्हतं त्याला महिनोन् महिने खाटेवर पडून राहावं लागलं. त्या दिवसांबद्दल घरात अजूनही कुणी फारसं बोलत नाही. मिस्त्रीने त्या काळात छताकडे बघत सबंध घर तोंडी दुरुस्त करून घेतलं. खाट एका बाजूला कलली आहे, डोक्यात रक्त उतरतंय, अशी ओरड करून त्याने बायकोला पायांखाली लाकडाच्या चिपा सरकवायला लावल्या आणि पोटावर पाणसळ ठेवून त्यातला बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत तिला उठबस करायला लावली.

तो हिंडूफिरू लागला आणि बायकोने शपथ घातली. त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "परत शिडीवर पाय ठेवलात तर माझं मेलेलं तोंड बघाल." नुसत्या शपथेवर तिचा भरवसा नसावा, कारण दुसऱ्या दिवशी परसातल्या शिडीला साखळी आणि साखळीला कुलूप लागलं.

तेव्हापासून कुणीही भेटलं की मिस्त्री हात झटकून सांगायचा, "काय करणार! मी आत्ता चढेन. पण बायको सोडत नाही." लोक हळहळायचे. बायकोकडे जरा तिरक्या नजरेने बघायचे. वाणी तर एकदा मिस्त्रीच्या समोरच तिच्या तोंडावर म्हणाला, "वहिनी, वाघाला पिंजऱ्यात घातलंत." ती सुटे पैसे उचलून घरी आली.

शपथ घातली जायच्या आधी एकदाच, ती बाजारात गेली असताना, मिस्त्रीने शिडी भिंतीला लावली होती. दोन पायऱ्या चढला आणि उतरला. दवाने शिडी ओली होती, असं त्याचं म्हणणं. म्हणणं म्हणजे स्वतःशीच, दुसऱ्या कुणाला त्याने ही गोष्ट सांगितली नव्हती. ऊन तेव्हा चांगलं डोक्यावर आलेलं होतं, पण स्वतःशी पुटपुटणाऱ्याला कोण अडवणार?

त्याची कामं आता जोडीदाराकडे गेली होती. हा जोडीदार वर्षानुवर्षं खाली राहून कौलं वर द्यायचा आणि मिस्त्रीच्या शिव्या खायचा. आता तोच वर चढायचा. त्याने दोनतीनदा निरोप पाठवला होता, "दादा, नुसते सोबत चला, काय करायचं ते सांगा." मिस्त्रीला हे फार झोंबलं. "खालून बोंबलायला मी काय मुकादम आहे?" असं म्हणून त्याने बोलणंच टाकलं. रस्त्यात जोडीदार दिसला की तो समोरच्या घराच्या पन्हळीकडे बघत पुढे जायचा.

लेक दूर नोकरीला होती. तिने बापाची तडफड फोनवरून ऐकली आणि एक खोकं पाठवून दिलं. आत कॅमेऱ्याचं ड्रोन होतं, नवशिक्यांसाठी असतं तसलं लहानसं, चार हातांचं. "बाबा, तुम्ही वर जाऊ नका, हे जाईल. तुम्ही खाली मोबाईलमध्ये बघा," ती म्हणाली. मिस्त्रीने खोकं उघडलं, आतला जीव तळहातावर तोलला, म्हणाला, "याच्यापेक्षा माझा बूट जड आहे," आणि खोकं कपाटावर टाकलं.

ते तिथेच राहिलं असतं. पण एक दिवस वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. वाचनालयाचं जुनं कौलारू छप्पर मिस्त्रीनेच शाकारलेलं, त्याचं लाडकं. मागच्या पावसात वाचनकक्षात पाणी टपकलं होतं आणि पुस्तकांचं एक कपाट भिजता भिजता वाचलं होतं. "परत पाऊस यायच्या आत कुणीतरी बघायला हवं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला जमणार नसेल तर तुमच्या जोडीदाराला बोलावते."

"मी येतो," मिस्त्री म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं.

बायकोने कात्री खाली ठेवली. "कसे जाणार?"

"ड्रोन घेऊन."

"आणि ते नाही चाललं तर?"

मिस्त्रीने उत्तर दिलं नाही. तो स्टूल घेऊन कपाटाकडे निघाला, तर तिने ते स्टूल पायानेच अडवलं आणि खोकं स्वतः काढून दिलं. पुढचं सगळं त्या न दिलेल्या उत्तरात होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. ड्रोन उडालं नाही तर मिस्त्री वाचनालयाच्या छपरावर चढणार, आणि शपथ, संसार, सळई, सगळं खाली राहणार.

त्या दिवसापासून घरात जी धांदल सुरू झाली ती विचारू नका.

ड्रोन आधी सुरूच होईना. दिवे लुकलुकायचे, रिमोट टुकटुक करायचा, पण दोघांची ओळख पटेना. मिस्त्री बटणं दाबतच सुटला. सोबत आलेला माहितीचा कागद त्याने वाचला नव्हता. कागद वाचून काम करणाऱ्यांबद्दल त्याचं मत फार वाईट होतं. शेवटी बायकोने कपडा टाचता टाचता मोठ्याने वाचून दाखवलं, "आधी ड्रोन चालू करा, सपाट ठेवा, मग रिमोट चालू करा, दांडी पूर्ण वर नेऊन पूर्ण खाली आणा." तसं केल्यावर लुकलुकणारे दिवे स्थिर झाले.

"हे मी करणारच होतो," मिस्त्री म्हणाला.

मग पंखे फिरले, ड्रोन इंचभर उचललं आणि कोलांटी मारून पालथं पडलं. परत ठेवलं, परत कोलांटी. झाडाच्या कुंडीला आपटून एका पंख्याचं टोक मोडलं. मिस्त्रीने सुटे पंखे काढून मळसूत्र असं पिळून बसवले की पंखे फिरायचेच बंद झाले. पत्र्याचा स्क्रू जसा वायसर दबेपर्यंत आवळतात तसाच त्याने तो चिमुकला स्क्रू आवळला होता. हाताची सवय, दुसरं काय. रात्रीच्या जेवणाला लेकीचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "बाबा, पंख्यांवर ए आणि बी लिहिलंय, ते बघून लावले ना?"

"ते कारखान्याचं काहीतरी असेल."

"बाबा! दोन प्रकारचे पंखे असतात. कोपऱ्याला कोपरा असे समोरासमोरचे सारखे. चुकले तर एक बाजू उचलते आणि दुसरी खाली रेटते. आणि स्क्रू आवळू नका, पंखा बोटाने सहज फिरला पाहिजे."

पंखे बदलले. मग मोबाईलमध्ये चित्र येईना. मिस्त्रीने मोबाईल हलवला, फुंकला, उन्हात धरला. ड्रोनचं स्वतःचं वायफाय असतं आणि मोबाईल त्याला जोडायचा असतो, हे त्याला कोण सांगणार? मोबाईल आपला इमानाने शेजाऱ्याच्या वायफायला चिकटून बसलेला. तेही एकदाचं जमलं. पडद्यावर अंगण दिसलं, मोरी दिसली, धुणं दिसलं, आणि मिस्त्रीचं टक्कल वरून कसं दिसतं तेही पहिल्यांदाच दिसलं. "एवढं?" म्हणून त्याने डोक्यावरून हात फिरवला.

आता खरी रडकथा. ड्रोन हवेत उभं राहीना. उचललं की ते सावकाश, लाडात आल्यासारखं, मोरीकडे निघायचं. दांडी सोडून दिली तरी मोरीकडे. वारा नसला तरी मोरीकडे. ओसरीवरून उडवलं तर अंगणाकडे, आणि अंगणातून उडवलं की परत मोरीकडे. मिस्त्रीने रिमोटवरची लहान बटणं दाबून त्याला उलट्या बाजूला रेटायची सोय शोधून काढली आणि टुकटुक टुकटुक करत ते कसंबसं सरळ केलं. आनंदाच्या भरात तो ते घेऊन शेजारच्या मैदानात गेला. तिथे ते बरोब्बर उलट्या दिशेला धावलं आणि काटेरी कुंपणात जाऊन बसलं.

मिस्त्रीचं जेवणावरचं लक्ष उडालं. हात धुताना तो थांबायचा आणि परत अंगणात जायचा. बॅटरी चार्ज व्हायला लावायची, तर चार्जरचा लाल दिवा हिरवा व्हायच्या आत उपटायची. "लाल म्हणजे आत थोडं असणारच की," असं त्याचं शास्त्र. त्यामुळे ड्रोन उडायचं कमी आणि चार्जरला लटकायचं जास्त. आभाळात ढग दिसला की तो ती आणखी लवकर उपटायचा. जोडीदार सायकलवरून शिडी घेऊन जाताना दिसला की वाचनालयाकडेच चालला असेल असं वाटायचं. बायको मुकाट्याने शिवत बसायची, पण यंत्राची सुई सारखी तुटायची.

लेकीने परत विचारलं, "बाबा, उडवायच्या आधी कॅलिब्रेट करता ना? सपाट जागेवर ठेवून? त्याला सपाट म्हणजे काय ते आधी शिकवावं लागतं."

"सपाटच आहे सगळं. मी बांधलेलं घर आहे हे."

फोन ठेवला आणि तो तिथेच थबकला. कधी नव्हे तो हलेना. मग आत जाऊन त्याने पाणसळ आणली. अंगणात ठेवली. बुडबुडा एका कडेला. ओसरीवर ठेवली. बुडबुडा कडेला. स्वयंपाकघराचा ओटा, खिडकीचा कट्टा, न्हाणी, अगदी देवळीसुद्धा. सगळीकडे बुडबुडा कडेलाच.

माणसाने आयुष्यभर पाणी वाहून घालवायचं काम केलं होतं. पाणी साचलं की त्याच्या जिवावर यायचं. त्यामुळे घरातल्या प्रत्येक पृष्ठभागाला त्याने, कुणाला दिसणार नाही असा, उतार ठेवला होता. जिथे पाणी पडायची सुतराम शक्यता नव्हती तिथेही. ड्रोन बिचारं शिकवल्याप्रमाणे वागत होतं. त्याला मिस्त्रीने उतार हाच सपाट म्हणून शिकवला होता आणि ते तसाच कलून उडत होतं.

बायको दारात उभी राहून बघत होती. तिला हसू आवरेना. "मी लग्न झाल्यापासून सांगतेय, माझी दोऱ्याची रिळं दाराकडेच का घरंगळतात. तुम्ही म्हणायचात, तुझा हात लागतो."

"मग आता सपाट कुठून आणू?"

तिने बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरची गादी गुंडाळली. खाली फळ्या होत्या आणि पायांखाली अजून त्या लाकडी चिपा. त्या दुखण्यानंतर मिस्त्री या खाटेवर झोपलाच नव्हता, खाटेकडे पाठ करूनच खोलीतून जायचा. त्याने दूर उभं राहूनच हात लांबवून पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.

मिस्त्रीने लहान बटणांनी दिलेला उलटा रेटा काढून टाकला आणि ड्रोन खाटेवर ठेवलं. दोन्ही दांड्या कोपऱ्यात दाबून धरल्या, दिवे भराभर लुकलुकले आणि थांबले. मग त्याने ते तिथूनच उचललं. खोलीच्या मध्ये, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, ते घूं करत उभं राहिलं. हललं नाही. मिस्त्री आ वासून बघत राहिला.

"शिका काहीतरी त्याच्याकडून," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघंही वाचनालयात गेली. तिचं तिथे काही काम नव्हतं. "ग्रंथपाल बाईंच्या ब्लाउजचं माप घ्यायचंय," ती म्हणाली, पण टेप घरीच विसरली होती.

वाचनालयासमोरच्या फरशीवर मिस्त्रीने ड्रोन ठेवलं आणि उडवलं. ते सरळ वर गेलं. पडद्यावर छप्पर आलं. ओळीने लावलेली कौलं, त्याच्या हातची. शेवाळ धरलेली उत्तरेकडची बाजू. कोपऱ्यातलं ते एक वेगळ्या रंगाचं कौल, जे कमी पडलं म्हणून दुसऱ्या भट्टीचं आणलं होतं. बाई पाणी टपकतं ती जागा सांगत होत्या, पण तो तिकडे बघतच नव्हता. पाणी टपकतं एका जागी आणि शिरतं दुसरीकडे. त्याने ड्रोन आढ्याकडे नेलं आणि दिसलं. आढ्याला लागून असलेलं एक कौल बोटभर खाली सरकलेलं, खाली काळी फट.

"सापडलं!" तो ओरडला. बाई टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. बायकोनेही श्वास सोडला.

इथे त्याने ड्रोन खाली आणलं असतं तर गोष्ट संपली असती. पण बघू, पलीकडची बाजूही बघू, एवढ्यात काय होतंय? ड्रोन आढं ओलांडून पलीकडे गेलं. सकाळी निघताना चार्जरचा दिवा लालच होता. आता रिमोट चिरकू लागला. मिस्त्रीने दांडी मागे ओढली, पण ड्रोनने ऐकलं नाही. बॅटरी संपत आली की ते आपल्याआपण उतरतं, जिथे असेल तिथे. पडद्यावर कौलं जवळ आली, आणखी जवळ आली, आणि चित्र गेलं.

"आता हो?" बाई म्हणाल्या.

मिस्त्री तोवर इमारतीच्या मागे पोहोचला होता. तिथे वाचनालयाची लोखंडी शिडी भिंतीच्या कडेला पडलेली असायची. त्याने ती उचलली, भिंतीला लावली, पाय नीट बसवले. मागे बायकोची पावलं वाजली. तो पाठमोराच थांबला. आता ती ओरडेल. मग आपण ओरडू. मग आपण शिडी आपटून बाजूला फेकू आणि तिच्यावर चिडून घरी जाऊ. सगळं ठरल्यासारखं होतं.

ती ओरडली नाही.

"थांबवत नाहीस?" त्याने वळून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "शपथ सुटली. चढा."

तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. मिस्त्रीने वर बघितलं. छपराची कड फार उंच नव्हती. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसरीवर. पाय कापायला लागला. सळईचा नव्हे, दुसरा, धडधाकट. तळहातांना घाम फुटला, कानात गोदामाच्या पत्र्याचा तो करकर आवाज आला. तो उतरला.

"पायऱ्या गंजल्यात," तो म्हणाला.

बायकोने पायरीवरून हात फिरवला आणि हात त्याला दाखवला. शिडीला नवा रंग होता. हाताला काही लागलं नव्हतं.

"त्या दिवशी दव होतं ना?" तिने हळूच विचारलं.

"तुला कसं कळलं?" मिस्त्रीने विचारलं.

"मी पिशवी विसरले म्हणून परत आले होते," ती म्हणाली. "तुम्ही शिडीपाशी भिंतीला डोकं टेकून, 'दवाने ओली आहे' असं पुटपुटत उभे होतात. मी पिशवी न घेताच गेले. आणि मग शपथ घातली."

"मला वाटलं, तू घाबरलीस."

"घाबरलेच होते. पण तुम्ही पडाल म्हणून नाही. तुम्ही चढणारच नव्हतात. चार लोक विचारतील, मिस्त्री, का हो येत नाही? तेव्हा तुम्ही काय सांगणार होतात? म्हटलं, माझ्या नावावर खपवा. मला कुठे छपरावर नाव कमवायचंय?"

आधी त्याला राग आला. आपल्याला लहान पोरासारखं सांभाळलं, याचा राग. मग वाण्याचं बोलणं आठवलं, ती मान खाली घालून सुटे पैसे उचलते ते आठवलं, आणि त्याला इतकी शरम वाटली की ती वाटताच डोळे भरून आले. त्याने ते बाहीने पुसले. बाही घामाने आधीच ओली होती, फारसा फरक पडला नाही.

ग्रंथपाल बाई कोपऱ्यावरून आल्या. शिडीशी उभा मिस्त्री आणि शेजारी बायको बघून त्यांनी ओळखलं, निदान त्यांना तसं वाटलं. "काय मिस्त्री, वहिनी सोडत नाहीत ना?"

बायकोने सवयीने मान खाली घातली. बोलणं स्वतःवर घ्यायला ती तयारच होती.

"ती सोडतेय हो," मिस्त्री म्हणाला. आवाज जरा फाटला, म्हणून त्याने परत सांगितलं. "ती सोडतेय. मलाच वर जायची भीती वाटते."

बायकोने मान वर केली. मिस्त्रीने खिशातून मोबाईल काढला, ड्रोनचं वायफाय तोडलं आणि जोडीदाराचा नंबर लावला.

"दादा?" तिकडून आवाज आला.

"वाचनालयात ये," मिस्त्री म्हणाला. "आढ्याजवळचं एक कौल सरकलंय. पलीकडच्या बाजूला माझं ड्रोन अडकलंय, तेही खाली आण."

"येतो की. आणि दादा, तुम्ही?"

"मी आहे इथे," मिस्त्री म्हणाला. "शिडी धरतो."